आधार : पुणे

दगड ट्रॅक्टरमधून उतरवून ग्रामपंचायतीच्या ओट्यावर आडवा ठेवला. वरचं पोतं काढलं, आणि सरपंच पुष्पाबाईंनी त्यावर कोरलेली नावं मोठ्याने वाचली. शेजारी उभ्या असलेल्या तानुबाई बोटांची पेरं मोजत होत्या. त्या आठव्या पेरावर थांबल्या.

"पुष्पा, आठच झायात. नववं कोठे शे?"

बेचाळीस साली सोनगीरच्या रस्त्याला खांबांवरच्या सरकारी तारा तोडल्या, त्यात या गावचे नऊ जण होते. तानुबाईंचा नवरा त्यांतला एक. उद्या पंधरा ऑगस्ट, स्वातंत्र्याला पन्नास वर्षं. सकाळी आठ वाजता दगडाचं अनावरण व्हायचं होतं.

दगड घेऊन आलेले परब हे तालुक्याचे तरुण अधिकारी. मूळचे मालवणकडचे, बदली होऊन तीन महिने झालेले. त्यांनी फाइल उघडली.

"आजी, गावाकडून आलेल्या यादीत आठच नावं आहेत."

"नऊ व्हतात. भाकरी मीच बांध्यात."

परबांनी कागद पुष्पाबाईंसमोर धरला. डावीकडे चार नावं, उजवीकडे चार. बन्सीलाल देवचंद, धनसिंग अभिमन, असं माणसाचं नाव आणि पुढे बापाचं. आडनाव कुणालाच नव्हतं. खाली, जागा संपल्यामुळे, मधोमध एक ओळ होती.

"ही खालची ओळ तर संदर्भाची आहे," परब म्हणाले. "माहिती कुठून घेतली ते लिहिलंय. दगडावरही घेतलीय, बारीक अक्षरांत. शुद्धलेखन मी स्वतः तपासलं." त्यांनी वाकून दगडाच्या तळाची ओळ वाचली. "आधार, पुणे."

तानुबाईंनी झटकन पदर कपाळापर्यंत ओढला.

ओट्याखाली उभ्या असलेल्या बायका हसू लागल्या. परबांना काही कळेना.

"साहेब, कागदावर 'पुना' आहे," पुष्पाबाई म्हणाल्या.

"हो, ते मी सुधारलं."

"आधार हे तानुअक्कांच्या मालकांचं नाव. पुना हे सासऱ्यांचं. आमच्याकडे दोन्ही नावं घरोघर आहेत. अक्कांनी नवऱ्याचं नाव लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. पडत्या भिंतीला त्या टेका देतील, पण तो शब्द काढणार नाहीत."

परबांनी कागद पुन्हा पाहिला. मग दगड. मग पुन्हा कागद.

"मना सासराले गाव करी टाकं," तानुबाई पदराआडून म्हणाल्या. "पुण्याले मना मालक एकच डाव ग्यात. येरवडाले. तेबी सरकारना गाडीमा."

या वेळी बायकांबरोबर परबही हसले, पण ते लगेच थांबले. "नवीन दगड आठवड्याभरात मिळेल," ते म्हणाले. "उद्या मात्र..."

"उद्या मी आठे उभी ऱ्हासू," तानुबाई पायाखालच्या जागेकडे बोट करून म्हणाल्या. "आठ नाववर हार घालतीन, ते देखसू." त्यांचा आवाज मोठा नव्हता. हसणं थांबलं.

दगडासाठी चौथरा बांधून नुकतेच हात धुतलेला चिंधा मिस्तरी दगडाजवळ आला. त्याने तळाची ओळ वितीने मोजली, मग वरच्या शीर्षकाखालची मोकळी जागा मोजली.

"दगड एक वीत सिमेंटमा जाईन," तो म्हणाला. "ही ओळ तेन्हामा बुजी जाईन. नाव आठे, वरती कोरसू. चार बोट जागा शे."

"सगळ्यांच्या वर?" परबांनी विचारलं, आणि ओट्याच्या कडेला काठी धरून बसलेल्या बन्सीलाल आबांकडे पाहिलं. नवांपैकी ते एकटेच हयात होते, आणि दगडावर पहिलं नाव त्यांचं होतं.

आबांनी थोडा विचार केला. "ऱ्हाऊ द्या वरती. खांबवर तोच चढना व्हता. आम्ही खाले उभा व्हतूत."

चिंधाने पिशवीतून छन्नी-हातोडी काढली आणि दगडासमोर मांडी घातली. परबांनी नाव एका कोऱ्या कागदावर स्वच्छ, ठळक लिहून पुढे केलं. चिंधाने तो घेतला, पाहिला, आणि परत दिला.

"कागद देखीसनच चूक झायी," तो म्हणाला. "घरना माणूसना तोंडतून आयकाशिवाय मी छन्नी लावाव नही. वहिनी, नाव सांग."

"पुष्पा सांगी ना."

"पुष्पा तुन्हा घरनी शे का?"

चिंधा आधारचा चुलतभाऊ लागत होता, त्यामुळे थट्टा करायचा त्याला हक्क होता. तानुबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. पुष्पाबाई मुद्दाम फाइल चाळत होत्या. मग तानुबाई गुडघ्यांवर हात टेकून खाली बसल्या, चिंधाच्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी पुटपुटल्या.

"आयकू उनं नही," चिंधा म्हणाला. "पस्तीस वरीस छन्नी मारी. कान ग्यात."

आतापर्यंत त्याने सगळ्यांचं सगळं बोलणं नीट ऐकलं होतं. परब हे सांगायला निघाले, पण पुष्पाबाईंनी फाइलच्या कोपऱ्याने त्यांच्या हाताला हलकेच टोचलं.

तानुबाईंनी पदर मागे केला. घसा साफ केला.

"आधार," त्या म्हणाल्या.

चिंधाने कानामागे पंजा धरला.

"आधार पुना." आवाज चावडीच्या भिंतीपर्यंत गेला. समोरच्या गिरणीतला माणूस पिठाचे हात झटकत बाहेर आला.

चिंधाने मान हलवली, छन्नी टेकवली आणि पहिला घाव घातला. त्याला ऐकू आलं होतं. तानुबाईंनी तरीही आणखी एकदा नाव घेतलं.