गंगव्वाचे आठ दिवस

आठव्या दिवशी सकाळी गंगव्वा शिकवणीच्या दारात येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर नव्हता. बेचाळीस वर्षं जिथं जट होती, तिथं आता पांढरे खुंट दिसत होते, आणि ते साऱ्या गल्लीनं बघावेत अशीच ती चालत आली होती.

निपाणीतल्या विडी वळणाऱ्या बायकांच्या पोरींसाठी वसुधाबाई समाजमंदिरात ही शिकवणी चालवत. बेळगावच्या कॅम्प भागातल्या शाळेतून निवृत्त झाल्या आणि इथं खोली घेऊन राहिल्या. अकरा पोरी यायच्या. त्यातली कस्तुरा ही गंगव्वाची नात. दिवाळीनंतर तिच्या केसांत जट धरली आणि तिची शाळाही सुटली, शिकवणीही. घरात ठरलं, देवीनं बोलावलंय. माघातल्या पुनवेला डोंगरावर न्यायची आणि देवीच्या नावानं गळ्यात मणी बांधायचे. गंगव्वालाही असंच अकराव्या वर्षी देवाला सोडलं होतं. त्यानंतर बाईच्या जन्माचं काय होतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

वसुधाबाई तीनदा घरी जाऊन आल्या. जट म्हणजे तेलपाण्यावाचून गुंतलेले केस, दुसरं काही नाही, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं. कस्तुराची आई मालुबाई मांडीवरच्या सुपावरून मान वर न करता विड्या वळत राहिली.

"तुमचं खरं असंल, बाई," ती शेवटी म्हणाली. "पर माज्या पोरीला काय झालं तर?"

 उत्तर दिलं ते लेकीकडं आलेल्या गंगव्वानं.

"आदी माजी कापा. देवी कोपली तर माज्यावर कोपू दे. आठ दिसांत मला काय झालं न्हाय, तर मग पोरीची कापायची. चालंल न्हवं, मालू?"

मालुबाईनं हातातली विडी सुपात टाकली. मग म्हणाली, "चालंल, आये."

त्याच दिवशी गंगव्वाची जट कापली गेली. ती पलीकडच्या गल्लीत एकटीच राहायची. आठही दिवस मालुबाई तिच्या दारापर्यंत जायची, बाहेरूनच हाक मारायची, आणि आतून "बरी हाय" ऐकलं की माघारी यायची.

आज ती कस्तुराला घेऊन आईच्या मागोमाग आली. आली ती दाराजवळच बसली.

"खरंच बरी हाईस न्हवं?"

"मग? चालत आले की," गंगव्वा म्हणाली. भिंतीला टेकून तिनं पाय पसरले आणि नातीचं डोकं मांडीवर घेतलं. पोरींच्या पाट्यांवरच्या पेन्सिली थांबल्या.

वसुधाबाई कात्री घेऊन खाली बसल्या. जट धरायला गंगव्वानं हात पुढं केला, तो त्यांच्या हाताला लागला. हात चटका बसावा इतका तापला होता. वसुधाबाईंनी वर पाहिलं. गंगव्वाचे डोळे लाल झाले होते, ओठ सुकून फुटले होते.

"गंगव्वा, तुम्हाला तर..."

"उनातनं आलीया," गंगव्वा हळूच म्हणाली.

सकाळचे आठ वाजत होते. ऊन अजून पायरीवरसुद्धा आलं नव्हतं.

"काय झालं, बाई?" मालुबाईनं दारातून विचारलं.

वसुधाबाईंना ठाऊक होतं, ताप हा ताप असतो, देवीचा कोप नव्हे. पण गंगव्वाला ताप आहे, एवढं एकदा तोंडातून गेलं असतं, तर मालुबाई पोरीला हाताला धरून उठली असती. पुनव चार दिवसांवर होती. आणि तीनदा त्या घरी जाऊन त्यांनी हेही सांगितलं होतं, की मी तुम्हाला फसवणार नाही.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "कात्री जरा बोथट आहे."

जट एका दमात कापली गेली नाही. धागा धागा तोडावा लागला. खालची कातडी पांढरीफटक होती, दोन ठिकाणी चिघळलेली. कस्तुरानं डोळे मिटले होते.

"बाई," तिनं तसंच विचारलं, "गणित कुठवर झालं?"

"अपूर्णांक झाले. तुला पहिल्यापासून सांगते."

जट सुटली, तशी गंगव्वानं ती पदरात गुंडाळली. मालुबाई जवळ आली, लेकीच्या कपाळाला पालथा हात लावून तिनं पाहिलं, परत एकदा पाहिलं, आणि डोळे पुसले.

"चल, आये."

"तू हो म्होरं. मी बसते जरा पोरींजवळ."

मालुबाई गेली. कस्तुरा आपल्या जुन्या जागेवर पाटी घेऊन बसली. गंगव्वा भिंतीवरून हळूहळू सरकत खाली आली आणि पोरींच्या सतरंजीवर आडवी झाली. तिचं सगळं अंग हुडहुडत होतं.

"कधीपासून आहे हे?" वसुधाबाईंनी विचारलं.

"तिसऱ्या दिसापास्नं. मालू वळली का कोपऱ्यावरनं?"

वसुधाबाई दारापर्यंत जाऊन आल्या. "वळली."

"मग आता डाक्टरला बोलवा," गंगव्वा म्हणाली. "पर मागल्या दारानं आणा."