इस्त्री बघतात

भाचीचं पत्र तीन आठवडे शब्दकोशात पडून होतं. "मामा, वीस तारखेला नर्सच्या नोकरीची मुलाखत आहे. लगेच वॉर्डातही उभं करणार आहेत. काय घालून जाऊ? तुम्ही एवढं वाचता, म्हणून विचारते." मी सात उत्तरं लिहिली आणि फाडली. एवढं वाचूनही मला कपड्यांतलं काही कळत नाही, हे तिला कसं कळवायचं?

अखेर पंधरा तारखेला वही घेऊन गावातल्या इस्पितळात गेलो. बाकावर बसून नर्सांच्या अंबाड्यापासून बुटांपर्यंत नोंदी करू लागलो.

"काका, मघापासून काय बघताय? आणि लिहिताय काय?" समोर हेड सिस्टर उभ्या होत्या.

मला घाम फुटला. घाईघाईनं वहीतलं पत्रच पुढे केलं. ते वाचून त्या हसल्या आणि शेजारी बसल्या. "लिहा. घड्याळ, बांगड्या, अंगठ्या घरी ठेवायच्या. बाह्या कोपराच्या वर. नखं कापलेली, केस बांधलेले, बूट न वाजणारे."

"आणि रंग?"

"रंग कोण बघतंय? इस्त्री बघतात," माझ्या चुरगळलेल्या सदऱ्याकडे बघत त्या म्हणाल्या.

मी तिथंच सगळं पोस्टकार्डावर उतरवलं. माझंच पेन घेऊन त्यांनी खाली एक ओळ लिहिली: 'मामांसारखी घाबरू नकोस.'

ती खोडावी, असं टपालपेटीपर्यंत वाटत होतं. पण त्या कार्डातलं तेवढंच मला स्वतःच्या अनुभवानं ठाऊक होतं. कार्ड तसंच पेटीत टाकलं.