मरळीचं वय

लातूर जिल्हा नवा होता आणि दुष्काळात शिरूरचा तलाव आटला होता. उरलेल्या डबक्यात एकच मासळी जिवंत होती, एक मरळ. तलावाकाठची नागम्मा तिच्यासाठी रोज घागरभर पाणी ओतायची.

"नका नेऊ, सर. लई धीराची हाय ती."

प्राणिशास्त्राच्या अमृतराव सरांनी ऐकलं नाही. अभ्यासासाठी त्यांनी मरळ मारली आणि फॉर्मॅलिनच्या बरणीत ठेवली.

माशाच्या खवल्यावर वर्षाला एक वर्तुळ उमटतं. सूक्ष्मदर्शकाखाली चार दिसली. आठवड्याने दुसरा खवला काढला, तर पाच. नंतर सात.

सरांना अन्न गोड लागेना. बरणी घेऊन ते तलावावर गेले.

"चुकलं माझं, नागम्मा."

तिने काचेवरून हात फिरवला. "किती वर्षांची होती हो?"

सरांनी बरणी तिच्या हाती दिली. त्या सकाळी काढलेल्या खवल्यावर अकरा वर्तुळं होती, आणि बारावं अर्धं उमटलं होतं.