आधी मोकळी हवा

गोहलपुरात बेबीताईंच्या ओसरीवर अनुपमने खिशातून गॅसबत्तीचं मेंटल काढलं. तीच ती पांढऱ्या जाळीची पिशवी. तिच्यावर हातातलं किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र धरलं. यंत्र तडतडायला लागलं, तापल्या तेलात मोहरी पडावी तसं.

"घाबरू नका," तो हसून म्हणाला. "यात थोरियम आहे. वरातीच्या बत्त्यांत वर्षानुवर्षं हेच होतं, कोणाला काही झालं का? उद्या यातूनच वीज निघेल. आमची संस्था फक्त संशोधनासाठी सह्या मागून राहिली. ताई, पहिली सही तुमची."

बेबीताईंनी सही केली की अख्खी गल्ली करणार, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तर गडी घाईत होता. एरवी तो यंत्र आधी मोकळ्या हवेत धरायचा. तिथंही ते अधूनमधून वाजतं, ते लोकांना ऐकवायचा, मग पुढचं. आज थेट मेंटलवर गेला.

बेबीताईंनी पेन घेतलं नाही.

"मी अन् गौतमचे बाबा, वीस वर्षं डोक्यावर बत्त्या वाहिल्या वरातीत," त्या म्हणाल्या. "मेंटल बी आम्हीच बांधत होतो. दातानं दोरा तोडून."

भिंतीवरचा हार घातलेला फोटो अनुपमला आत्ता दिसला.

"बाबा कशानं गेले माहीत आहे का, भैया?" दारात उभ्या गौतमने विचारलं. त्यांचा मुलगा. आवाज अगदी थंड. "जबड्याचा कॅन्सर."

"तंबाखू खायचे का ते?" अनुपमच्या तोंडून निघून गेलं.

गौतमचा पहिला ठोसा ओठांवर बसला. दुसऱ्यात दात गेला. तो पडला तशी बरगडीत लाथ. गल्लीतले दोघं-तिघं, ज्यांना काय झालं तेही माहीत नव्हतं, त्यांनीही हात धुऊन घेतले. "वीज काढून राहिला म्हणे. घे वीज." सह्यांचे कागद नालीत. गौतमने कोपऱ्यातल्या जुन्या बत्तीचा लोखंडी दांडा उचलला. जबड्यावर एकच घातला. आत काहीतरी कडकन मोडलं.

"थांब," बेबीताई म्हणाल्या.

सगळे थांबले. त्यांनी खाली पडलेलं यंत्र उचललं. मेंटल पायानं दूर नालीत सारलं. अन् यंत्र हळूच स्वतःच्या डोक्यावर टेकवलं, जिथं बत्तीखालची चुंबळ असायची, बरोबर तिथं.



कट्.

मग बराच वेळ काही नाही.

कट्. कट्.

"मला बी लागलं रे, तुझ्या बाबांसारखं," त्या गौतमला म्हणाल्या.

अनुपमला सांगायचं होतं, ताई, ते कुठंही वाजतं. नर्मदेवर वाजतं, झाडाखाली वाजतं. जबडा हलेना. तोंडातून नुसतं रक्त आलं. त्याने कसाबसा हात वर केला, बेबीताईंच्या बाजूची मोकळी हवा दाखवायला.

गौतमला वाटलं, आईवर उचलला.