तिसरा पिकअप

"बास गिटार कानाने ऐकायची नसते, छातीने ऐकायची असते," माझ्या दुरुस्तीच्या दुकानात शिरत शमुवेलकाका म्हणाले. एवढं मोठं सत्य ते इतक्या मोठ्याने बोलले की समोरचा केळीवाला वळून बघायला लागला.

तीस वर्षं काका ऑर्केस्ट्रात स्पीकरला खेटून उभे राहिले होते. हल्ली त्यांची गिटार गाणाऱ्यावर चढायची. सकाळीच ऑर्केस्ट्राच्या मालकांचा मला फोन आला होता, "बिघाड गिटारमध्ये आहे की काकांमध्ये, तेवढं कळव. काकांमध्ये असेल तर शनिवारपासून दुसरा माणूस घेतो."

काकांच्या मते बिघाड पिकअपमध्ये होता, म्हणजे तारांची थरथर स्पीकरपर्यंत पोचवणाऱ्या भागात. निवडायला मी तीन नवे काढून ठेवले. पहिला लावला. काकांनी वाजवलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पत्र्याचा डबा." दुसरा लावला. पुन्हा माझा चेहरा पाहिला. "याला पडसं झालंय." दोन्ही वेळा निदान अगदी बरोबर होतं.

तिसऱ्याच्या तारा डाख देऊन जोडताना मी स्पीकर बंद केला होता. तो चालू करायच्या आत काकांनी गिटार उचलली, डोळे मिटले आणि वाजवू लागले. दुकानात तारांची नुसती टकटक.

"हाच," काका म्हणाले. "काय गाज आहे बघ, समुद्रासारखी."

तेवढ्यात टेबलावर माझा फोन खणखणला. मालकांचा होता. काकांनी डोळे उघडले नाहीत, मान डोलतच राहिली.

"हाच बसव," ते म्हणाले. "फक्त आवाज जरा कमी कर रे, कानाला लागतोय."