फुकटचे कान

घड्याळवाल्या आजोबांच्या कानातलं मशीन बनवणारी छोटी कंपनी एका बड्या कंपनीने गिळली, आणि आठवडाभरात आजोबांना नवंकोरं मशीन चक्क फुकट घरपोच आलं. "फुकट कोण देतं हो हल्ली?" आजीने नाक मुरडलं. आजोबा मात्र हरखून गेले होते. दुरुस्तीला आलेल्या घड्याळाची टिकटिक त्यांना वीस वर्षांनी पुन्हा ऐकू येत होती. ते घड्याळ ते जेवतानाही ताटाशेजारी ठेवत.

कुरकुर एवढीच, की लेक बोलता बोलता मध्येच पुटपुटायची. आज जेवतानाही तेच. तिचे ओठ हलताना दिसत होते, पण कानी येत होती ती नुसती टिकटिक.

"अगं, तोंडातल्या तोंडात काय बोलतेस? जरा मोठ्याने बोल की!"

लेकीच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. आजीने तर दोन्ही कानांवर हात ठेवले. आजोबांना टिकटिकच ऐकू आली.

शेवटी वैतागून लेकीने कागद ओढला, त्यावर एक ओळ लिहिली आणि पुढे सरकवला. 'बाबा, आपण दुसऱ्या कंपनीचं मशीन घेऊ या.'

"हात्तिच्या, एवढंच होय!" आजोबा हसले आणि आजीला कळावं म्हणून ती ओळ मोठ्याने वाचू लागले. 'बाबा, आपण' इथवर त्यांचा स्वतःचा आवाज त्यांना खणखणीत ऐकू आला.

पुढे त्यांचे ओठ हलत राहिले, आणि कानात उरली फक्त टिकटिक.