कडेला ठेवलेला चेंडू

पूलच्या टेबलावर पांढरा चेंडू डाव्या कडेला घासून गेला, मंदावला आणि मनात होतं तिथेच थांबला. कोनमापकाने समाधानाने हातातली काठी, क्यू, खाली टेकवला. हॉलमध्ये त्याला सगळे याच नावाने ओळखत. स्वतःला मारण्याजोगं काही उरलं नाही, की पांढरा चेंडू समोरच्याला अडचणीच्या जागी नेऊन ठेवायचा, यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"थँक्यू हं, काका," समोर खेळणारा दातांचा डॉक्टर म्हणाला. तो कडेशी आरामात उभा राहिला आणि त्याने आपला एक चेंडू टेबलाच्या खिशात घातला. मग दुसरा.

शेवटचा डाव होता. हॉलच्या संघात एकच जागा रिकामी होती. "ओळख बघणार नाही, वयही बघणार नाही. जिंकेल तो खेळेल," मालकाने आधीच सांगून टाकलं होतं. संघात नसलो तर संध्याकाळी जायचं कुठे, हे कोनमापकाने कुणाला विचारलं नव्हतं.

बाकावर भाची मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. डोक्यातल्या डोक्यात आकार फिरवता येणारे लोक पूल चांगलं खेळतात का, हा तिचा प्रकल्पाचा विषय. सकाळी तिने दोघांनाही पडद्यावर आकृत्या दाखवल्या होत्या : ही तीच आकृती फिरवलेली आहे, की तिचं आरशातलं रूप? कोनमापक एकदाही चुकला नव्हता. डॉक्टर बेताचाच निघाला होता.

"मामा, माझ्या आलेखाची पार वाट लावतोयस," ती कुजबुजली. "आणि दर वेळी चेंडू त्याच कडेला का नेतोस? तिथून त्याला सोपं जातं."

"सोपं? काहीतरीच काय! तिथून मारायला टेबलावर पोट टेकून आडवं व्हावं लागतं. तरी हात पुरत नाही. कसल्या शिव्या घालायचा मला!"

"कोण?"

कोनमापकाने टेबलाकडे पाहिलं. डॉक्टर कडेबाहेर दोन्ही पाय जमिनीवर रोवून उभा होता. क्यू त्याच्या उजव्या हातात होता.

"डावरा होता तो," कोनमापक म्हणाला.

इतकी वर्षं समोर एकच माणूस. उन्हाळ्यात तो गेला.

भाचीने लॅपटॉप मिटला. "मग आता उलट कर ना," ती हळूच म्हणाली. "सकाळी तर चुटकीसरशी जमत होतं."

डॉक्टरचा तिसरा चेंडू खिशाच्या तोंडाशी थरथरला आणि बाहेरच राहिला. कोनमापक पुढे झाला. त्याचे चेंडू अजूनही आडोशाला होते. दुसऱ्या कडेकडे जाणारी रेघ त्याला लख्ख दिसली. डोक्याला वेळ लागला नाही. हाताला लागला. तो वाकला, पुन्हा सरळ झाला, खडू लावलेल्या टोकाला पुन्हा खडू लावत राहिला.

"काका, मुहूर्त बघताय की काय?" मालक ओरडला.

त्याने फटका मारला. पांढरा चेंडू उजव्या कडेला जाऊन चिकटला.

डॉक्टर हसत आला. या बाजूने उभा राहिला, मग त्या बाजूने. शेवटी एक पाय हवेत उचलून टेबलावर आडवा झाला. "अहो काका, काय छळताय!" सगळे हसले. त्याचा फटका निसटला आणि आडोशाचे चेंडू नेमके विखुरून मोकळे झाले. मग कोनमापकाने एकेक करून आपले सगळे चेंडू घातले, आणि शेवटी डाव संपवणारा काळा.

"जागा तुमची," मालक म्हणाला. "उद्या वेळेवर या."

"वाचला रे बाबा माझा आलेख!" भाचीने त्याच्या पाठीवर थाप मारली. डॉक्टरने हात मिळवला. सगळे बोलत बोलत चहाला बाहेर गेले. "आलोच," कोनमापक म्हणाला.

जिंकणाऱ्याने टेबल झाडायचं, अशी तिथली रीत. त्याने ब्रश घेतला आणि उजव्या कडेपासून सुरुवात केली. कापड तिथे नव्यासारखं हिरवं होतं. झाडत झाडत तो डाव्या कडेला आला. तिथे तळहाताएवढ्या जागेतलं कापड इतक्या वर्षांच्या डावांनी झिजून पांढुरकं झालं होतं.

तेवढी जागा सोडून त्याने बाकीचं टेबल झाडलं.